अर्थजागर

माइकवर अपेक्षानं "भगिनींनो" म्हटलं आणि पहिल्या रांगेतली बाळं एकदम रडायला लागली.

इतकी बाळं कशाला आणली असतील, तिला कळेना. पण जुळे सोलापुरातला तो हॉल भरला होता. मोबाइलवर तिचा 'अर्थजागर' रोज बघणाऱ्या बायका समोर होत्या. मेथीच्या जुडीसाठी तासभर घासाघीस करणारी बाई पैसे गुंतवताना मात्र भावजी सांगतील तिथं सही करते, हे अपेक्षाला बघवत नव्हतं. बायकांना जागं करायचं तिनं मनावरच घेतलं होतं.

शेवटच्या रांगेत तिची सासू केराबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सुनेनं दुपारभर भिंतीकडं तोंड करून बोलावं, हे तिला पटत नव्हतं. घरून निघतानाच तिनं अट घातली होती. "एक तरी बाई शेवटापातूर ऐकू दे. मग रोज दुपारी पोर मी बघते. न्हाय तर तुजा तो मोबाइलचा दांडा माळ्यावर."

अपेक्षानं आवाज चढवला. बाळांनीही चढवला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली हेमावती पोर कडेवर घेऊन उठली. "असं नको की ओ ताई. व्हिडिओतल्यासारखं हळू बोला की. तुमची महागाई लावल्याशिवाय हे झोपतंच नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीचं पोर म्युच्युअल फंडावर झोपायचं. एकीच्या जुळ्यांना रेपो रेटच लागायचा. सोन्याच्या भावाचा व्हिडिओ तेवढा छोटा आहे, दात येताना पुरत नाही, अशी मागून एक तक्रारही आली.

अपेक्षाला घरची खोली आठवली. लेक झोळीत, झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला. लेक उठू नये म्हणून कुजबुजत बोलायचं, झोक्याबरोबर वाक्य टाकायचं. बायका एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात, ते नीट समजावं म्हणून, असं ती समजत होती.

केराबाईकडं न बघता ती खुर्चीवर बसली. चप्पल काढली. अंगठा आपोआप हलू लागला.

"महागाईचा दर... खाली आला... म्हणजे भाव... खाली आले... असं नाही, बरं का..."

बाळं गप्प झाली. मग झोपली. मग त्यांच्या आयाही एकेक करून खुर्चीतच कलंडल्या. हेमावती तर घोरू लागली. अपेक्षाला राग यायला हवा होता. पण किती दिवसांनी डोळा लागला असेल या बायांचा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं आवाज आणखी खाली आणला. तशीच शेवटपर्यंत बोलली. मग रेकॉर्डिंगसाठी समोर लावलेला मोबाइलचा दांडा मुकाट्यानं मिटायला घेतला.

केराबाई नातीला खांद्यावर टाकून, निजलेल्यांचे पाय चुकवत पुढं आली.

"ऱ्हाऊ दे तो," ती कुजबुजली. "दर उतरला तरी भाव चढतच ऱ्हातो, म्हणालीस न्हवं? मग काल त्यो बातम्यावाला कशापायी हसत हुता गं?"