फुगलेला पिझ्झा

तव्यावरचा पिझ्झाबेस पोळीसारखा टम्म फुगला आणि रेवतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. वाढदिवसाला घरचा पिझ्झा, तोही पातळ कुरकुरीतच हवा, असा लेकीचा हट्ट होता. तासाभरात तिच्या मैत्रिणी येणार होत्या.

लग्नाला आठ वर्षं झाली, पण रेवतीची पोळी म्हणून कधी फुगली नव्हती. सासूबाई तिला थट्टेने ‘पापडवाली’ म्हणायच्या. आणि आज, फुगायला नको तेव्हाच ही करामत!

सासूबाई डोकावल्या. “अहो, ऐकलंत का? लवकर या! रेवतीची पोळी फुगली!”

“आई, हसू नका ना. पिझ्झा आहे हो तो.”

“मग पुढच्यांना कडकपुऱ्यांसारखं काट्याने टोच, नाही फुगायचे.” बोलता बोलता त्यांनी तो बेस स्वतःच्या ताटलीत घेतला, वर तूप-साखर पसरली. “हा मात्र माझा. आठ वर्षं वाट पाहिलीय मी!”