विहिरीचा धडा

बन्सी मास्तरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा टोपी झटकली. बादशाही बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दीड वर्ष झालं होतं आणि देवगाव रंगारीच्या शाळेत नव्या सरकारचे पहिले तपासनीस, तात्यासाहेब, समोर खुर्चीत बसले होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर मास्तर नोकरीत कायम, नाहीतर अकरा वर्षांच्या मास्तरकीनंतर घरचा नांगर. नांगराची आणि मास्तरांची ओळख फारशी नव्हती.

सरकार नवं आलं तरी पुस्तकं जुनीच होती. मास्तरांनी त्यावर तोड काढली होती. मराठीच्या पुस्तकात जिथं जिथं ‘बादशहा’ होता, तिथं तिथं त्यांनी ‘सरकार’ लिहिलेली चिठ्ठी खळीने चिकटवली. त्यामुळे सरकार आता घोड्यावर बसून शिकारीला जात होतं, मिशीला पीळ देत होतं आणि एका धड्यात तर त्याला मुलगाही झाला होता. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुस्तकात असतं ते खरंच असतं, हे मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं.

तात्यासाहेबांनी विहिरीचा धडा काढला. सरकारने गावोगाव विहिरी खोदून प्रजेला सुखी केलं, असा तो धडा. तुमच्या गावची विहीर कुणी खोदली, असं त्यांनी विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “सरकारनं.” दोन सालांमागं याच सुरात ‘बादशहानं’ निघायचं. मास्तरांच्या जिवात जीव आला.

एकटी बाना गप्प होती. सोनाजी धनगराची ही पोर नुकतीच शाळेत आली होती, तिचा धडा अजून पाठ झाला नव्हता. तात्यासाहेबांनी तिला उभं केलं.

“माझ्या बापानं खांदली,” ती म्हणाली. “माय माती वढत व्हती.”

वर्ग खदखदून हसला. पुस्तकात असं कुठं लिहिलंय, असंही कुणीतरी विचारलं. तिला खाली बसवायला मास्तरांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. मास्तर होण्याआधीचं वैशाखातलं ऊन त्यांना आठवलं, आपल्या डोक्यावरची ओल्या मातीची टोपली आठवली. आता गप्प बसलं की शेरा पदरात पडणार होता. पण पोर त्यांच्याकडेच बघत होती.

“पोर खरं बोलती साहेब,” ते म्हणाले. “टोपल्या मीबी उचलल्यात. अकरा सालं ह्यो धडा शिकवून शिकवून मलाच वाटाया लागलं व्हतं, का हीर बादशहानं खांदली.”

तात्यासाहेबांनी पुस्तकातली चिठ्ठी नखाने उचकटली, खालून ‘बादशहा’ निघाला. मग ते पोट धरून हसले. मास्तरांना कायम करावं, असा शेरा त्यांनी तिथंच लिहून टाकला आणि खळीची वाटी आणायला सांगितलं. ती आणताना मास्तर आनंदाने उंबऱ्यात अडखळले.

विहीर शाळेच्या समोरच होती. सोनाजी तिथं शेरडांना पाणी पाजत होता, त्याला बोलावणं गेलं. पुस्तकात आपलं नाव घालायचं ठरलंय, हे कळल्यावर तो दारातच लाजून उभा राहिला.

“येकट्याचं नगा लिहू मास्तर. आमी चौदा जण व्हतो.”

मग तो एकेक नाव सांगत गेला आणि मास्तर टाक बुडवून लिहीत गेले. सांडू, कडूबा, भिकन. आपला आजा, आपला चुलता आला की मुलं उड्या मारत होती. नव्या चिठ्ठीवरची जागा चार नावांतच संपली, नावं समासात उतरली. तेरावं नाव सोनाजीने सांगितलं ते बन्सी. मास्तरांचे डोळे भरून आले, अक्षर जरा वाकडं पडलं.

समासाला लागून हत्तीवरच्या बादशहाचं चित्र होतं. ते झाकायचं मास्तरांना सुचलंच नव्हतं. शेवटचं नाव पुतळाबाईचं, बानाच्या आईचं, आणि जागा उरली होती ती फक्त बादशहाच्या पगडीवर. मास्तरांनी टाक पुन्हा बुडवला आणि ते नाव चांगलं ठळक काढलं.