सुगंधाने बुक केलेली गाडी

दत्ताराम डावीकडचं दार उघडून आत बसला, पट्टा लावला आणि समोर बघत राहिला.

"बाबा," श्रुतिका अजून बाहेरच उभी होती. "गाडी कोण चालवणार? मी?"

तो उतरला आणि पुढून वळसा घालून उजवीकडे आला. घरची गाडी वीस वर्षं त्याच्या बायकोने, सुगंधाने चालवली होती. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून नोकरी केलेला दत्ताराम घरच्या गाडीतही कंडक्टरच होता. डावा हात बाहेर काढून बाइकवाल्यांना थोपवायचं, गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणायचं, टोलला सुट्टे काढून ठेवायचे. "तुमचं बरंय," सुगंधा म्हणायची, "नुसतं ओरडायचं."

ही विजेची गाडीही तिनेच बुक केली, गणपतीत. मुलुंडहून दादरला जाऊन आलं की क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा सुजायचा. "हिला क्लचच नाही. सुटले मी," म्हणाली होती. दिवाळी सरली आणि ती गेली. बुकिंग रद्द करा, असं श्रुतिका बापाला सांगत राहिली. त्याने ऐकलं नाही. उलट त्रेसष्टाव्या वर्षी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि लायसन काढलं.

गाडी येऊन आज नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत ती दोनदा चार्ज झाली, रोज पुसली गेली, पण फाटकाबाहेर गेली नाही. शेवटी श्रुतिकाने अट घातली. पवईपर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर अकरा वाजता बोरिवलीहून तिचा चुलतभाऊ नितेश येईल आणि घेऊन जाईल.

"ब्रेकवर पाय ठेवा. आता बटण दाबा."

त्याने दाबलं.

"झाली चालू."

"कशावरून?"

"ते हिरवं आलं बघा समोर."

"आवाज नाही, थरथर नाही. आपला फ्रिज हिच्यापेक्षा जास्त बोलतो."

डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला. तिथे नुसती चटई होती. तो बसून राहिला.

"आता कशाची वाट बघताय?"

त्याचं त्यालाच कळेना. मग त्याने दारावर बोटांनी दोनदा ठोकलं, बस सोडायची डबल बेल दिल्यासारखं, आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत राजाराम दात घासत उभा होता. दर रविवारी दत्ताराम आणि सुगंधा निघाली की तो वरून ओरडायचा, "काय कंडक्टर, आज खंयची बस?" आजही त्याने तोंड उघडलं. मग दत्ताराम कुठल्या बाजूला बसलाय ते त्याला दिसलं.

"सावकाश रे दत्ता," एवढंच म्हणाला.

रस्त्यावर श्रुतिकाने खिडकीवरचा दांडा घट्ट धरला होता.

"रिक्षा! बाबा, रिक्षा!"

"दिसतेय गं. वीस वर्षं रिक्षाच बघत आलोय. फक्त त्या बाजूने."

पाय उचलला की गाडी आपणहून मंद होत होती. भांडुपला एक टेम्पो आडवा आला, तेव्हा ब्रेकही लावावा लागला नाही. पुढे कांजुरच्या पुलावर चढावरच ट्रॅफिक अडकलं. जुनी गाडी इथे मागे घसरायची. हँडब्रेक, क्लच, मागून हॉर्न, आणि सुगंधाचे दात आवळलेले. ही गाडी चढावर नुसती उभी राहिली. दत्तारामने खाली बघितलं. डावा पाय बाजूला स्वस्थ पडला होता. तो किती वेळ त्या पायाकडे बघत होता कोण जाणे, मागच्याने हॉर्न दिला.

पवईचा तलाव दिसला.

"इथून वळू ना?"

श्रुतिकाचा डोळा लागला होता. दांड्यावरचा हात खाली मांडीवर आला होता. मान खिडकीकडे कलली होती. दिवाळीपासून दर शनिवारी ती अंधेरीहून यायची, आठवड्याच्या भाज्या करून डबे भरून ठेवायची, रात्रीतून तीनदा उठून बापाच्या खोलीचं दार हळूच ढकलून बघायची. त्याला वाटायचं, आपण जागे आहोत हे हिला कळत नाही.

तो वळला. परतीचा सगळा रस्ता त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

इमारतीखाली गाडी थांबली, तरी श्रुतिका जागी झाली नाही. लहानपणी ती अशीच मागच्या सीटवर झोपायची आणि इंजिन बंद झालं की दचकून उठायची. म्हणून सुगंधा घरी पोचल्यावरही इंजिन चालूच ठेवायची. अर्धा अर्धा तास. दत्ताराम कुरकुरायचा, पेट्रोल जळतंय म्हणून.

"जळू दे," ती म्हणायची. "पोर झोपलीय."

आता जळायला काही नव्हतं. बंद पडायला आवाजही नव्हता. दत्ताराम दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला.

अकराला पाच मिनिटं असताना फाटकातून नितेश आत आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, बॉनेटवरून हात फिरवला. मग उजव्या खिडकीशी वाकला.

"काय काका, मग किल्ली—"

दत्तारामने ओठांवर बोट ठेवलं.