निळ्या शालीचं पान

“अगं, ही कुठं गेली?”

सुनेनं लॅपटॉपवरून मान वर केली. सासरे दारात उभे होते, हातात मोबाइल. दुपारच्या वेळी ते असे तरातरा कधी उठून यायचे नाहीत. गुडघे त्यांना येऊ द्यायचे नाहीत.

“कोण, बाबा?”

“ही.” त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर दुकानाची वेबसाइट होती आणि मधोमध एकच ओळ. हे पान सापडले नाही.

सून सकाळपासून त्याच कामाला जुंपलेली होती. रस्त्यावरचं दुकान बंद झालं, तेव्हापासून लोकरीच्या विणकामाचा सगळा धंदा या वेबसाइटवर चालला होता. चालला म्हणजे रेटला जात होता. गिऱ्हाईक यायचं, गोंधळायचं आणि निघून जायचं. वेबसाइट सुधारायला जी मुलगी नेमली होती, तिनं तर पहिल्याच भेटीत कान उपटले होते. “ताई, हे दुकान आहे की अडगळीची खोली? मोजे शोधायला जावं तर शाल पायात येते. आणि जे संपलंय ते मांडून कशाला ठेवायचं? माणसाचा जीव जडतो आणि मग कळतं, मिळणार नाही. तो परत फिरकेल का?”

पटण्यासारखंच होतं. सुनेनं कंबर कसली. मोजे एकीकडे, टोप्या एकीकडे, रंग आणि मापं चटकन दिसतील अशी, पैसे भरायची वाट सरळ. आणि संपलेल्या वस्तूंची पानं एकेक करून पुसून टाकली. दुपार व्हायच्या आत दोन नव्या ऑर्डरी आल्या. कितीतरी दिवसांनी तिला हुरूप आला होता.

पुसलेल्या पानांत एक निळी शाल होती. सासूबाईंनी विणलेली, आणि विणून होते न होते तोच विकली गेलेली. ती अंगावर घेऊन फोटोलाही त्याच उभ्या राहिल्या होत्या. “या वयात मला मॉडेल करताय होय?” असं म्हणत असतानाच सुनेनं बटण दाबलं होतं. त्यामुळे फोटोत तोंड अर्धवट उघडं आणि हसू नुसतं डोळ्यांत. या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. पान तसंच राहिलं होतं.

“बाबा, ती शाल विकली गेलीय ना, म्हणून मी...”

“शालीचं कुठं विचारतोय मी?”

तिनं उठून खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“मूळ फोटो आहे माझ्याकडे. मोठा करून आणते. चांगली फ्रेम करू.”

“फोटो ढीगभर आहेत गं. बाहेर भिंतीवर आहे, कपाटात आहेत. भिंतीवरच्या फोटोत ती गेलेली आहे. इथं ती कामावर होती. पूर्वी जेवण झालं की मी दुकानात एक चक्कर टाकायचो. काही काम नसायचं. ती म्हणायची, आलात का लुडबुड करायला? मी बघायचो आणि परत यायचो. तसंच हे. दुपारी उघडायचो, बघायचो, मिटवायचो.”

सुनेला त्या मुलीचं आणखी एक बोलणं आठवलं. या शालीच्या पानावर रोज कोणीतरी येतं, म्हणाली होती ती. बराच वेळ थांबतं आणि काहीच न घेता जातं. पानातच खोट असणार. काढून टाका.

ती लॅपटॉपसमोर बसली. नशिबानं पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, काही दिवस बाजूला पडून राहतं. तिनं शोधलं. निळी शाल सापडली.

“हे घ्या. असं करते बाबा, इतर कुणाला दिसणार नाही, फक्त तुमच्या मोबाइलवर उघडेल, असं ठेवते.”

“का म्हणून? ती काय चोरून बसलीय? दुकानात ठेव तिला. चारचौघांत.”

“बरं.”

पान पुन्हा उभं राहिलं. आधी निळा रंग आला, मग डोळे. सासरे तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकले. त्यांचा श्वास तिला कानाशी ऐकू येत होता.

फोटोच्या खाली, जिथं किंमत असायची तिथं, तीन छोट्या ओळी होत्या. ‘उपलब्ध नाही’ हे शब्द सासूबाईंना तुसडे वाटायचे. दारात आलेल्याला असं तोडून बोलू नये, म्हणायच्या. म्हणून हट्टानं त्यांनी आपल्या शब्दांत लिहून घेतलं होतं. ही शाल संपली. वाईट वाटून घेऊ नका. लवकरच भेटू.

सकाळी पान पुसताना सुनेनं हे वाचलंच नव्हतं. आता वाचलं. मागे वळून बघायचा धीर होईना.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “ही शेवटची ओळ तेवढी काढू?”

सासऱ्यांनी ओळ वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलले.

“नको. ते तिनं गिऱ्हाइकाला सांगितलंय. आपण कशाला मध्ये पडायचं?”