शेजारी कोण नको

"आप्पा, तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल," तेजश्री दुसऱ्यांदा म्हणाली.

जालिंदर आप्पा हसले. "माझ्याच घरातनं मला काढती व्हय? अगं, हिला काय इचारती? शिरूरच्या बाजारापल्याड हिला काय ठावं न्हाई. मी सांगतो की सगळं."

"नाव आजींचं निघालंय, आप्पा. नियम आहे."

नाव निघण्याचीही गंमतच झाली होती. घरातल्या ज्या माणसाचा वाढदिवस आधी येणार, त्यालाच प्रश्न विचारायचे, अशी या पाहणीची रीत. पण जुन्या पिढीतलं निम्मं निमोणे गाव एक जूनला जन्मलेलं. आप्पांची तारीख शाळेतल्या गुरुजींनी टाकलेली. धुरपदा आजींची, आधार काढणाऱ्याने आप्पांचीच बघून टाकलेली. शेवटी मोबाईलनेच चिठ्ठी काढली आणि आजींचं नाव आलं.

आप्पा पुटपुटत कांद्याच्या चाळीकडे निघून गेले. आजींनी पदर सावरला आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या.

"कालवण काय केलंय, ह्याबिगर मला आजवर कुनी काय इचारलं न्हाई. इचार बाई. नाव काय म्हनलीस तुझं?"

"तेजश्री गायकवाड. दौंडची."

"गायकवाड? मंग आपल्यातलीच की!"

तेजश्रीने मोबाईलवर पहिला प्रश्न उघडला. गायकवाड मराठ्यांत असतात, तसे बौद्धांतही असतात. तिचे गायकवाड बौद्ध. पण मुलाखत संपेपर्यंत स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हाही नियमच होता. विचारणाऱ्याची जात कळली की सांगणाऱ्याचं उत्तर बदलतं, हे प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं.

प्रश्न सुरू झाले. लोकांवर विश्वास ठेवावा का? मुलीने किती शिकावं? घरातला शब्द कुणाचा चालावा? आजी एकेका प्रश्नावर थांबत, विचार करत. हेच प्रश्न जपानात आणि ब्राझीलमध्येही विचारतात, असं कळल्यावर तर त्या हरखल्या.

"तिकडल्या म्हाताऱ्यांना बी? त्या काय सांगत्यात?"

"ते आधी सांगायचं नसतं, आजी. नाहीतर तुम्ही त्यांचंच बघून सांगाल."

"व्हय, कापी व्हायची!" आजी खुदकन हसल्या.

मग तो प्रश्न आला. शेजारी म्हणून कुणी आलेलं चालणार नाही? तेजश्रीने सावकाश वाचून दाखवलं. दारुडे. दुसऱ्या धर्माचे. परमुलखातून कामाला आलेले. दुसऱ्या जातीचे.

आठवडाभर शिरूर तालुक्यातल्या गावोगावी तिने हा प्रश्न विचारला होता, आणि दारुडे सोडले तर घरोघरी एकच उत्तर मिळालं होतं: आम्हाला सगळी सारखीच. तिने ते इमानाने नोंदवलं होतं. विश्वास मात्र एकावरही बसला नव्हता.

आजींनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. त्या पुढे सरकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू आपल्यातली म्हनून सांगते. बौद्धवस्तीतल्यांचं घर आमच्या भितीला भीत लावून नगं. मानसं वाईट न्हाईत. पर नगं."

तेजश्रीचं बोट क्षणभर अधांतरी राहिलं. चेहरा हलू द्यायचा नाही, हेही शिकवलेलंच होतं. तिला तिची आजी ताईबाई आठवली. ताईबाईच्या लहानपणी गावात कुणी साहेब माहिती घ्यायला आला, की चावडीवर बसायचा. वस्तीत किती माणसं, काय खातात, कशी राहतात, सगळं पाटलाला विचारायचा आणि परत जायचा. "आपल्याबद्दल इचारायचे गं," ताईबाई सांगायची, "पर आपल्याला न्हाई." तेजश्रीला या कामावर घेतलं, त्या दिवशी ताईबाईने दौंडच्या रेल्वे कॉलनीत दारोदार साखर वाटली होती. आता इचारनारी आमची हाय, म्हणून.

तेजश्रीने उत्तर नोंदवलं. जसंच्या तसं. उरलेले प्रश्न त्याच आवाजात विचारले.

"संपलं, आजी."

"झालं बी? ग्वाड वाटलं बग बोलाया. दौंडचे गायकवाड म्हंजी कुनाच्यातली तू? आमची एक नणंद तिकडंच दिलीया."

आता नियम उरला नव्हता. हसून निघून जाता आलं असतं. या आडनावाच्या आडोशाने अशी कितीतरी दारं सुखाने ओलांडता येतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"नाही आजी," ती सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली. "आम्ही बौद्ध."

आजींचा हात तोंडाशी गेला. मग त्यांनी तेजश्रीचं मनगट धरलं.

"आगं माझे बाई! तुझ्या तोंडावर बोलले की मी! पूस ते. अजून धाडलं न्हाईस ना? सगळी सारखीच, आसं टाक."

धाडलेलं नव्हतं. मागे जाऊन एक खूण बदलायची, की झालं. आजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

"सगळी सारखी, असं मला आठवडाभर सगळ्यांनी सांगितलंय, आजी. खरं सांगितलंत ते तुम्ही एकट्यांनी."

"आता तेच खरं म्हनून सांगते की! तुझ्यासाठी बदल."

तेजश्रीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. दुसऱ्या हाताने मोबाईलवर बोट टेकवलं. उत्तर गेलं.

"माझ्यासाठी नका बदलू, आजी," ती म्हणाली. "मी गेल्यावर बदला."