आदर्श जोडीचे परीक्षक

‘आदर्श जोडी’ स्पर्धेला परीक्षक मिळत नव्हता, कारण रिसॉर्टवर जोडीशिवाय कोणी नव्हतंच. मॅनेजर इम्तियाज माइक घेऊन हिरवळीवर फिरत होता. शेवटी त्याला पाण्याकडे तोंड करून बसलेले एक गृहस्थ दिसले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी शाल ठेवली होती, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी.

“काका, एकटेच?”

“नाही. एकटा असतो तर तुमच्या काउंटरने आत सोडलं नसतं.”

हे खरं होतं. दुपारी काउंटरवरच्या मुलीने दिगंबर मेहेंदळ्यांना नम्रपणे अडवलं होतं. “सर, इथे फक्त फॅमिली. एकट्या जेंट्सना एंट्री नाही.”

“मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझ्यापासून नेमका कोणाला धोका आहे?”

“रूल आहे, सर.”

इतका आदर बऱ्याच वर्षांत कोणी दाखवला नव्हता, म्हणून ते रागावले नाहीत. मिसेस सहापर्यंत येताहेत म्हटल्यावर तिने त्यांच्या मनगटाला निळा कागदी पट्टा बांधला आणि दुसरा हातात दिला. तो आता शर्टाच्या खिशात होता. साडेसहा झाले होते.

मिसेस वाघोलीहून यायच्या होत्या. मुलगी उल्का आणि जावई दोघेही आयटीत. नातू सांभाळायला सरोजिनीबाई ‘महिनाभरासाठी’ तिकडे गेल्या, तो महिना दोन वर्षं झाली तरी संपला नव्हता. दिगंबरराव कोथरूडला. रविवारी ते वाघोलीला जेवायला जात आणि पाहुण्यासारखे चहा घेऊन उठत. आज लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, म्हणून लेकीकडे अर्ज करून बायकोची एक रात्र मंजूर करून घेतली होती. इथे धरणाच्या पाण्याला लेक म्हणत. ‘बायको लेकीकडे, नवरा लेककडे’ हा विनोद त्यांना बुकिंग करतानाच सुचला होता. आठ दिवस त्यांनी तो कोणालाही सांगितला नव्हता.

“काकू येईपर्यंत परीक्षक व्हा ना,” इम्तियाज म्हणाला. “तुम्ही न्यूट्रल आहात.”

“सध्या आहे खरा.”

स्पर्धा सुरू झाली. बायकोच्या चपलेचा नंबर काय, नवऱ्याला कोणती भाजी आवडत नाही. एकाने बायकोच्या वाढदिवसाची तारीख सांगितली, ती मेहुणीची निघाली. तो बाद झाला. निकाल घरी लागायचा होता. दिगंबरराव गंभीर चेहऱ्याने गुण मांडत होते. शेवटी दोन जोड्या बरोबरीत राहिल्या. एक, सारख्या पिवळ्या टी-शर्टातली. दुसरी, मंडईजवळ कुलपांचं दुकान असलेले अय्युब आणि त्यांची बायको जरीना.

तेवढ्यात दिगंबररावांचा फोन वाजला.

“गेटवर आलीस का?”

“अहो, निघाले होते हो. पायात चप्पल घातली आणि याने दारातच भोकाड पसरलं. माझ्याशिवाय झोपतच नाही तो.”

“त्याला सांग, रांगेत मी आधी होतो.”

“काय? याच्या रडण्यात काही ऐकू येत नाही.”

“काही नाही. ऐक, एक गंमत—”

“रविवारी सांगा. ठेवते हं. आणि गार वाऱ्यात बसू नका.”

ते गार वाऱ्यातच बसून राहिले. एक बाई आल्या. “ही खुर्ची घेऊ का? इथे कोणी बसतंय?” दिगंबररावांनी शाल उचलून मांडीवर घेतली. खुर्ची गेली.

“काकू पोचल्या?” इम्तियाजने विचारलं.

“पोचल्या. घरी.”

इम्तियाजला ते नीट कळलं नाही, आणि त्याला घाईही होती. “काका, टाय झालाय. शेवटचा प्रश्न तुम्हीच विचारा.”

दिगंबररावांनी माइक हातात घेतला. “लग्नानंतर एकमेकांशिवाय सलग किती दिवस राहिलात?”

“एकही नाही!” पिवळी जोडी एका सुरात ओरडली. टाळ्या पडल्या.

“चार,” जरीना म्हणाली. “बहिणीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेले होते तेव्हा.”

“पाच,” अय्युब म्हणाले.

“चार! रविवारी गेले, गुरुवारी सकाळी परत.”

“सकाळी कुठली? गाडी सहा तास लेट होती. मी स्टेशनवर बसून होतो. तो दिवस कुठे धरणार?”

“तुम्हाला तर सगळं वाढवूनच सांगायचं असतं.”

“तुझे चार असतील. माझे पाच झाले.”

लोक हसले. दिगंबररावांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाहीर केलं, “पहिला नंबर, कुलूपवाले.”

इम्तियाज खाली वाकून पुटपुटला, “काका, ते दोघे तर भांडतायत. आणि पिवळे एकही दिवस नाही म्हणाले.”

“त्यांना मोजावे लागलेले नाहीत. यांनी मोजलेत.”

बक्षीस म्हणून दोन मग होते, एकावर ‘राजा’, एकावर ‘राणी’. ते घेताना जरीनाने परीक्षकांकडे पाहिलं. मनगटावर पट्टा, मांडीवर बायकांची शाल.

“अंकल, आणि तुम्ही? तुम्ही किती दिवस राहिलात?”

माइक अजून चालू होता. दिगंबररावांनी खिशातला दुसरा पट्टा चाचपला.

“आजचा धरून,” त्यांनी विचारलं, “की सोडून?”