ओंजळभर चिंचोके

पुंजाने पुढ्यातले सगळे चिंचोके गोळा केले आणि ओंजळ भरून विमलाबाईंच्या हातात ओतले. जेवढं दुखतं तेवढे चिंचोके, हा नियम आठ वर्षांच्या पोराला पक्का ठाऊक होता.

नियम त्यांनीच केलेला. त्या गंगापूर रोडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. आजार बरा होणारच नाही अशा मुलांना शेवटपर्यंत वॉर्डात ठेवावं, की घरी राहू देऊन नर्सबाईंना औषध घेऊन जीपने पाठवावं, याचा निवाडा चौऱ्याऐंशी साली एका दवाखान्याने त्यांच्यावर सोपवला. आपलं-परकं व्हायला नको म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली. औषध दोन्हीकडे एकच, फक्त वॉर्डात सुईने आणि घरी तोंडाने. वर्षभराने आकड्यांनी साफ कौल दिला. वॉर्डातली मुलं जेमतेम एखादा चिंचोका उचलत, घरची मुलं मुठी भरभरून.

"आकडे तुमचेच आहेत, बाई," मोठे डॉक्टर म्हणाले होते. "उद्याच्या बैठकीत जीप बंद करू. सगळी मुलं वॉर्डात आणू."

जीप चालू राहावी असं विमलाबाईंना मनापासून वाटत होतं. पण मनाला वाटतं म्हणून आकडे फिरवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आणि वॉर्डात खरंच कमी दुखतं का, ही शंका तर काही केल्या जाईना. म्हणून त्या हट्टाने पेठकडच्या या पाड्यावर आल्या होत्या. दोन्हीकडे राहिलेला पुंजा एकटाच. चिठ्ठी वॉर्डाची निघाली तरी त्याची आई चिमणाबाई कुणाला न जुमानता एक दिवस त्याला उचलून घरी घेऊन आली होती.

भरली ओंजळ बघताच चिमणाबाईने जीपवाल्या नर्सबाईंनी दिलेलं औषध लगबगीने पाजलं. पोर तिच्या मांडीवर डोकं टेकून पडलं. हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला. कोंबडी घरात शिरली तसं ते खुदकन हसलंही.

"पुंजा, दवाखान्यात तू एकही चिंचोका देत नव्हतास," विमलाबाई म्हणाल्या. "तिथे दुखत नव्हतं का रे?"

"दुखायचं की. लय दुखायचं." त्याने आईचा पदर मुठीत धरला. "पन दुखतं म्हनलं का ते सुई घेऊन येत, अन् आईला भाईर काढत. मंग आमी कोनीच सांगत नव्हतो."